खुर्ची सोडणारा पोलीस अधिकारी आणि आपली वस्ती

(विहारात वर्षावासाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



 आम्ही वकील नाही, प्राध्यापक नाही. सूतगिरणीच्या रिंग खात्यात आमचे आयुष्य गेले. रात्रपाळी संपली की सकाळी वाचनालयात बसायचे आणि मिळेल ते वाचायचे, एवढीच आमची शाळा. त्यामुळे बोलण्यात काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

मंडळाने आम्हाला विषय दिला तो 'पोलीस आणि आपला समाज' हा. विषय मोठा आहे आणि अवघडही आहे. पोलीस म्हटले की आपल्या बायाबापड्या अजून घराचे दार लोटून घेतात. पण हा विषय आम्ही का घेतला ते आधी सांगतो.

आपल्या विहाराच्या मागच्या मैदानावर पहाटे पाच वाजता पोरंपोरी पळतात, ते तुम्ही रोज बघता. पोलीस भरतीची तयारी. कोणी गोळा फेकतो, कोणी घड्याळ लावून धावतो. आम्ही पाळीवरून येताना घटकाभर तिथे थांबतो. मागच्या महिन्यात त्यातल्या एका मुलीने आम्हाला विचारले, "काका, पोलीस होऊन माणसाला चांगलं राहता येतं का हो? आई म्हणते, त्या खात्यात गेलेला माणूस बदलतो."

आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. "सांगतो" म्हणालो आणि घरी गेलो. आजचे हे भाषण म्हणजे त्या मुलीला द्यायचे उत्तर आहे. ती समोर बसली आहे. नाव घेत नाही, लाजेल.

आपण आणि पोलीस

मंडळी, पोलीस खात्याशी आपला संबंध काल-परवाचा नाही. आपले आजे-पणजे गावचे काय होते? वेसकर. गावच्या वेशीवर रात्रभर जागायचे, चोराचा माग काढायचा, पाटलाबरोबर फिरायचे, सरकारी टपाल पोचवायचे, सरकारी खजिना तालुक्याला नेताना सोबत जायचे. म्हणजे गावचा पहिला पोलीस आपणच होतो. पगार काय? बलुतं आणि तुटपुंजे वतन. मान काय? गावाची राखण करायची आणि गावाबाहेर राहायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाच्या कायद्याला हात घातला, तो यासाठीच. ते वतन कायद्याने जायला १९५८ साल उजाडले.

आता गंमत बघा. काठी घेऊन फुकट राखण करायला आपण चालत होतो, पण गणवेश घालून पगारी पोलीस व्हायची वेळ आली की दार बंद. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातली परिस्थिती अशी होती. १९२८ साली सरकारने स्टार्ट समिती नेमली, तिचे बाबासाहेब सभासद होते. १९३० च्या तिच्या अहवालात अस्पृश्यांना पोलीस खात्यात घ्यावे ही शिफारस आहे. तेव्हा ही पोरं पहाटे जी धावतात ना, त्या धावण्यामागे एवढा मोठा झगडा आहे.

आणि ही सगळी भूमी आपलीच आहे. सातारच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. माता भीमाबाईंनी सातारलाच देह ठेवला. पूर्वी सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे नव्हते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा काढला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. याच भागात १९४२ च्या सप्टेंबरात वडूजला आणि इस्लामपूरला मोर्चावर पोलिसांनी गोळ्या घातल्या. याच भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. गावोगाव लोकांनी आपली न्यायमंडळे काढली, कारण सरकारी पोलीस आपला नाही असे लोकांना वाटत होते. हा आपला आजवरचा अनुभव. वेसकर म्हणून राबलो, भरतीत नाकारलो आणि आंदोलनात मार खाल्ला.

अशा जिल्ह्यातून निघून एक माणूस महाराष्ट्राच्या पोलीस दलाच्या सर्वांत वरच्या खुर्चीवर बसला, आणि ती खुर्ची त्याने सोडूनही दिली. त्याची गोष्ट आज सांगायची आहे. नाव अरविंद इनामदार.

इनामदार कोण होते

आडनाव ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. इनामदार म्हणजे इनाम खाणारे, आणि आपण वतन राबणारे. विहारात त्यांचे कौतुक कशाला? अहो, आडनावावरून माणूस मोजायचा नाही, हे आपल्याला दुसऱ्याने शिकवायला नको. आपल्याला आडनावावरून मोजले गेले, म्हणून तर आपण धम्माच्या वाटेला लागलो. माणूस कर्माने मोजायचा, ही तथागतांची शिकवण. तेव्हा कर्म बघू.

इनामदार मूळचे सांगली जिल्ह्यातले. भारतीय पोलीस सेवेत गेले आणि एकेक पायरी चढत १९९७ साली महाराष्ट्राचे पोलीस महासंचालक झाले. त्यांना वाचनाची आणि व्याख्यानाची आवड होती. २०१९ च्या नोव्हेंबर महिन्यात मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा वय ७९ होते.

महासंचालक होण्याआधी त्यांचे नाव घरोघर गेले ते १९९४ साली, जळगावच्या प्रकरणात. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मुलींना फसवून, धमकावून, फोटो काढून त्यांचा छळ करणारी टोळी होती आणि त्यात राजकारणातल्या वजनदार माणसांची नावे घेतली जात होती. त्या तपासाची धुरा इनामदारांकडे होती. दीपक जोग, मीरा बोरवणकर असे अधिकारी त्या तपासात होते. गाव दडपणाखाली, मुली बोलायला तयार नाहीत, घरचे म्हणतात अब्रू जाईल. अशा वेळी पोलीस अधिकाऱ्याने पाठीशी उभे राहणे म्हणजे काय असते, ते ज्याच्या घरावर वेळ येते त्यालाच कळते.

आता पुढचेही सांगितले पाहिजे. ते न सांगता बसलो तर ती नुसती आरती होईल. खटले उभे राहिले, पण साक्षीदार मागे फिरले आणि बरेच आरोपी न्यायालयातून सुटले. तपास करणारा खमका असला तरी न्याय मिळतोच असे नाही. पोलीस, साक्षीदार, सरकारी वकील, न्यायालय आणि समाज या सगळ्यांची साखळी लागते. एक कडी तुटली की संपले. हे लक्षात ठेवा, पुढे परत यायचे आहे.

बदली म्हणजे काय

१९९९ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यात सरकार बदलले. उपमुख्यमंत्रिपद आणि गृहखाते छगन भुजबळांकडे आले. पोलीस अधिकाऱ्यांच्या बदल्यांवरून महासंचालक आणि सरकार यांच्यात मतभेद झाले. इनामदारांचे म्हणणे साधे होते. दलाचा प्रमुख मी आहे, तर कोणाला कुठे नेमायचे यात माझा शब्द पाहिजे. ते जमेना. २००० सालाच्या सुरुवातीला त्यांनी राजीनामा दिला.

त्या दिवसाची बातमी आम्ही गिरणीच्या कँटीनमध्ये वाचली. आमच्या टेबलावरचा एक जण म्हणाला, "मोठ्या साहेबांच्या बदल्या आणि मोठ्या साहेबांचे राजीनामे, आपल्याला काय त्याचं?" आम्ही गप्प बसलो, पण मनात म्हणालो, आपल्याला लई आहे त्याचं. का, ते सांगतो.

त्याआधी तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या नात्यातल्या एका पोराची वरात गावातल्या मुख्य रस्त्याने निघाली. अडवली. शिव्या झाल्या, दगड आले, दोन बायकांची डोकी फुटली. आम्ही दहा-बारा जण ठाण्यावर गेलो. ठाणे अंमलदार म्हणाले, "गावातलं गावात मिटवा. उद्या परत तिथंच राहायचंय ना तुम्हाला?" रात्री दोनपर्यंत बाकावर बसवले आणि शेवटी अदखलपात्र म्हणून चार ओळी लिहिल्या. आमच्या मामी फुटलेल्या डोक्याला पदर बांधून बसल्या होत्या. त्यांना पाणीसुद्धा कोणी विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी त्या ठाण्याला नवे फौजदार हजर झाले. त्यांनी आम्हाला बोलावले, अर्ज वाचला, मामींना खुर्ची दिली. जखमा पाहिल्या, दवाखान्याचे कागद मागितले आणि ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल करून घेतला. कोणाची ओळख नाही, चिठ्ठी नाही, पैसा नाही. आम्ही बाहेर येऊन वडाखाली बसलो आणि आमच्यातला एक म्हातारा रडला. म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा पोलिसानं 'बसा' म्हणलं."

सात महिन्यांत त्या फौजदारांची बदली झाली. त्यांनी मटक्यावर धाडी घातल्या होत्या, वाळूच्या गाड्या धरल्या होत्या. ते गेल्यावर आमच्या केसचे काय झाले? कागद हलेना, तारखा पडत राहिल्या, साक्षीदार फितूर झाले. मामी गेल्या, केस पडून राहिली.

म्हणून सांगतो, बदली हा साहेब लोकांचा घरगुती प्रश्न नाही. चांगल्या अधिकाऱ्याच्या बदलीची किंमत वस्ती मोजते. ज्याची बदली कोणाच्याही फोनवर होऊ शकते, त्या अधिकाऱ्याने गरिबाची बाजू घेण्याची हिंमत करायची कशी? त्याला घर आहे, पोरांच्या शाळा आहेत. दर सहा महिन्यांनी बोचकी बांधायची तयारी ठेवूनच त्याने आपला गुन्हा नोंदवायचा. राज्याच्या वरच्या खुर्चीतल्या माणसाने ज्या प्रश्नावर राजीनामा दिला, तोच प्रश्न आमच्या तालुक्याच्या ठाण्यात आमच्या मामींनी भोगला होता.

पण खुर्चीखाली रक्तही आहे

आता दुसरी बाजू. इनामदार महासंचालक झाले ते वर्ष १९९७. आपल्याला ते वर्ष कशासाठी माहीत आहे? ११ जुलै १९९७. घाटकोपरची माता रमाबाई आंबेडकर नगर. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली दिसली. लोक रस्त्यावर आले, महामार्ग अडला. राज्य राखीव दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. इथे बसलेल्या कित्येकांनी त्या आठवड्यात चूल पेटवली नव्हती.

गोळीबाराचा हुकूम देणारा अधिकारी वेगळा होता. त्याचा दोष आम्ही इनामदारांवर टाकत नाही, टाकणे न्यायाचे होणार नाही. पण जे झाले ते त्याच दलाच्या वर्दीत झाले, हेही विसरून चालणार नाही. न्यायमूर्ती गुंडेवार आयोग बसला. आयोगाने १९९८ साली सांगितले की हा गोळीबार समर्थनीय नव्हता, आणि तुकडीचा अधिकारी मनोहर कदम याच्यावर ठपका ठेवला. न्यायालयात शिक्षा व्हायला २००९ साल उजाडले. बारा वर्षे! नंतर उच्च न्यायालयातून त्याला जामीनही मिळाला.

यातून आम्ही काय शिकलो? खुर्चीवर सज्जन माणूस बसला म्हणून खाली सगळे आपोआप सज्जन होत नाही. महासंचालक मुंबईत असतो, आपल्या दारात येतो तो हवालदार. आणि जो नियम त्या हवालदारावर चालत नाही, तो नियम कागदावरच राहतो.

निवृत्त झाल्यावर माणूस कळतो

आमच्या गिरणीत एक म्हण होती, पाळी सुटल्यावर माणूस कळतो. मुकादम खात्यात असेतोवर सगळे नमस्कार करतात. सुटल्यावर तो काय करतो, कोणाबरोबर चहा पितो, त्यावरून त्याची जात नव्हे, जातकुळी कळते.

मोठमोठे पोलीस अधिकारी निवृत्त झाले की काय करतात? कोणी कंपनीचे सल्लागार होतात, कोणी राजकारणात जातात. त्यात गैर काही नाही. इनामदारांनी आपल्या नावाचे प्रतिष्ठान काढले आणि चांगले काम करणाऱ्या पोलिसांचा सत्कार सुरू केला. ठिकठिकाणी व्याख्याने दिली. आम्हाला यातली एक गोष्ट आवडली. पोलिसाला शिव्या देणारे रोज भेटतात. पण चांगल्या पोलिसाला चांगले म्हणणारा मोठा माणूस मिळाला, तर तो पुढच्या वेळीही चांगले वागायचे धाडस करतो. आमच्या त्या फौजदारांना असे कोणी पाठीवर हात ठेवणारे भेटले होते की नाही कोण जाणे.

आणखी दोन नावे घेतो. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईत मोहल्ला समित्यांचे काम उभे राहिले. त्यात हे दोघे मोहल्ल्यात, चाळीत बसून लोकांना एकमेकांशी बोलायला लावत होते. ज्याच्या मागे कधीकाळी सगळे पोलीस दल होते, तो माणूस पुढे सतरंजीवर बसून तुमची तक्रार ऐकतो, ही लहान गोष्ट नाही.

आणि तिसरे नाव फार महत्त्वाचे आहे, प्रकाश सिंह. हे महाराष्ट्राचे नव्हेत. उत्तर प्रदेशचे पोलीस प्रमुख होते, सीमा सुरक्षा दलाचेही प्रमुख होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की पोलीस दल राजकारण्यांच्या हातातले खेळणे झाले आहे, ते सोडवा. दहा वर्षे तो अर्ज चालला. २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल लागला. न्यायालयाने सात आदेश दिले. त्यातले आपल्या कामाचे एवढे ध्यानात ठेवा. राज्याच्या पोलीस प्रमुखाला किमान दोन वर्षे मिळावीत. जिल्ह्याच्या अधीक्षकाला आणि ठाण्याच्या अधिकाऱ्यालाही दोन वर्षे मिळावीत. बदल्या मंत्र्याच्या मर्जीने नव्हे, तर वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मंडळाने कराव्यात. तपास करणारे पोलीस आणि बंदोबस्ताचे पोलीस वेगळे असावेत. आणि पोलिसांविरुद्ध तक्रार ऐकायला स्वतंत्र प्राधिकरण असावे.

बघा, २००० साली इनामदारांचे ज्यावरून बिनसले, ते २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने नियम म्हणून सांगितले. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून आस्थापना मंडळ आणि पोलीस तक्रार प्राधिकरण आणले. मात्र कायद्यात 'प्रशासकीय निकड' आणि 'सार्वजनिक हित' असे शब्द घालून मुदतीआधी बदली करायची खिडकीही उघडी ठेवली. दार बंद, खिडकी उघडी! तरीपण कायदा झाला. तो माहीत असला तरच त्यावर बोट ठेवता येईल.

आपल्या दारातली गोष्ट

आता घरात येऊ. नोव्हेंबर २०१७. आपल्याच सांगली शहरात पोलीस कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला, आणि तो पळून गेला अशी बतावणी केली. प्रकरण उघडकीस आले, अधिकारी आणि पोलीस अटक झाले, बडतर्फ झाले, खटला उभा राहिला. त्या वेळी सांगलीकर रस्त्यावर उतरले. सगळ्या जातीचे, सगळ्या धर्माचे. कोठडीतली मारहाण ही फक्त आपल्या वस्तीची भीती नाही, कोणाचाही पोरगा त्यात सापडू शकतो, हे त्या दिवशी लोकांना पटले.

कोठडीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये, डी. के. बसू खटल्यात, नियम घालून दिले आहेत. हे आयाबहिणींनी नीट ऐका, कारण पोराला उचलून नेतात तेव्हा घरात तुम्हीच असता. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी पाहिजे. अटकेचा कागद जागेवर झाला पाहिजे, त्यावर वेळ-तारीख आणि घरच्या माणसाची किंवा शेजारच्या प्रतिष्ठित माणसाची सही पाहिजे. कुठे नेले ते नातेवाइकाला कळवले पाहिजे. दर ४८ तासांनी डॉक्टरची तपासणी झाली पाहिजे. वकिलाला भेटू दिले पाहिजे. आणि संविधानाच्या कलम २२ प्रमाणे २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे. हे विचारताना आवाज चढवायचा नाही, हात जोडायचे नाहीत आणि घाबरायचेही नाही. सरळ विचारायचे.

दुसरे, गुन्हा नोंदवणे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की नोंद केलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. त्याचे कलम १७३ पाठ करा. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. हद्द कोणतीही असो, तक्रार घ्यावी लागते. ठाण्यात घेतली नाही तर लेखी तक्रार पोस्टाने जिल्हा अधीक्षकांना पाठवायची, तिथे नाही झाले तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायचे. त्या रात्री आम्ही दोन वाजेपर्यंत बाकावर बसलो, कारण आम्हाला हे माहीत नव्हते. आम्हाला वाटले, साहेब देईल तर मिळेल.

तिसरे, ॲट्रॉसिटी कायदा. १९८९ चा. या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. साठ दिवसांत दोषारोपपत्र गेले पाहिजे. कलम ४ प्रमाणे, जो सरकारी नोकर जाणूनबुजून आपले कर्तव्य टाळतो त्यालाही शिक्षा आहे. हे कलम ठाण्यात शांतपणे उच्चारून बघा, खुर्ची मिळते की नाही ते.

या कायद्याची लढाईही आपल्याच मातीतली आहे. कराडच्या सरकारी औषधनिर्माण महाविद्यालयातल्या एका कर्मचाऱ्याच्या तक्रारीतून जे प्रकरण वर गेले, त्यातच २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याची धार कमी करणारा निकाल दिला. २ एप्रिलला देशभर बंद झाला, माणसे मेली. त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ घालून धार परत आणली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. साताऱ्या जिल्ह्यातल्या एका साध्या कर्मचाऱ्याचा अर्ज आणि देशाचा कायदा हलला! तेव्हा अर्ज लिहायचा कंटाळा करू नका.

त्या मुलीला उत्तर

आता बाळ, तुझ्या प्रश्नाकडे येतो. पोलीस होऊन चांगलं राहता येतं का?

राहता येतं. आमच्या मामींना खुर्ची देणारा फौजदार आम्ही या डोळ्यांनी पाहिला आहे. सांगलीचा एक माणूस सर्वोच्च पदावर जाऊन, पटले नाही तेव्हा पद सोडून घरी आला, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. खुर्ची मोठी की मन मोठे, हे खुर्ची सोडताना कळते.

पण एक सांगतो. तू महासंचालक होशील की नाही, माहीत नाही. तू बहुतेक ठाण्याच्या टेबलावर बसशील. रात्री अकरा वाजता एखादी बाई डोक्याला पदर बांधून येईल. तिच्या मागे दहा माणसे दारात घुटमळत असतील. तेव्हा तुला राजीनामा द्यायचा नाही. तुला फक्त म्हणायचे आहे, "बसा." आणि पेन उचलायचे आहे. तेवढे केलेस की तुझी वर्दी सार्थकी लागली.

आणि तुझी बदली झाली, तर? तर त्या दिवशी ही वस्ती तुझ्या पाठीशी पाहिजे. आम्ही त्या फौजदारांची बदली झाली तेव्हा काय केले? हळहळलो, घरी गेलो, झोपलो. चार ओळींचा अर्जसुद्धा अधीक्षकांकडे दिला नाही. ही आमची चूक. वाईट अधिकाऱ्याविरुद्ध मोर्चा काढायला आपण शिकलो, पण चांगल्या अधिकाऱ्यासाठी उभे राहायला अजून शिकलो नाही. इनामदार गेले तेव्हाही वर्तमानपत्रांत अग्रलेख आले असतील, पण कुठल्या वस्तीतून त्यांच्यासाठी कागद गेल्याचे आमच्या कानावर आले नाही.

विहाराच्या पदाधिकाऱ्यांना आमची एक विनंती आहे. दर रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास कायद्याला द्यावा. एक वही ठेवावी. वस्तीतल्या कोणी कधी ठाण्यावर अर्ज दिला, कोणी घेतला, पोच मिळाली की नाही, याची नोंद करावी. चांगले वागलेल्या पोलिसाचेही नाव त्यात लिहावे. आपली वही असली की आपल्याला दुसऱ्याच्या आठवणीवर अवलंबून राहावे लागणार नाही. पोरांनी भरतीची पुस्तके वाचावीत तसे संविधानही वाचावे, म्हणजे वर्दी चढल्यावर डोके उतरणार नाही.

चांगला अधिकारी भेटणे हे नशीब आहे, आणि नशिबावर विसंबायला आपला धम्म सांगत नाही. आपला दिवा आपणच व्हायचा, हे तथागतांनी शिकवले. त्या दिव्यात तेल घालायला बाबासाहेबांनी आपल्या हाती कायदा दिला. वात सरळ ठेवणे आता आपल्या हातात आहे.

आमचे बोलणे लांबले, माफ करा. मागच्या रांगेतल्या आजीबाईंना मघापासून झोप येते आहे, त्यांच्यासाठी थांबतो. 

नमो बुद्धाय! जयभीम!